सोळा फुटाला अर्धा इंच

अल वक्रा, कतार
१४ नोव्हेंबर १९८१

मामा, नमस्कार.

सत्यभामेला वेगळं पत्र टाकलंय. ते घरचं आहे. हे कामाचं आहे म्हणून तुमच्या नावानं लिहितो. सासऱ्याला धंद्यातलं विचारायला अवघड वाटतं, पण आठवी ते अकरावी तुम्ही मला चित्रकला शिकवलीत, तेव्हा विद्यार्थी विचारतोय असं समजा.

आमचे अरबाब, म्हणजे मालक, ज्यांच्या नावावर माझा व्हिसा आहे ते, गेल्या उन्हाळ्यात लंडनला डोळे दाखवायला गेले होते. तिथं कुठल्याशा बँकेच्या दारासमोर त्यांनी दगडी खांब पाहिले आणि तसेच आपल्या नव्या घरापुढं पाहिजेत असं मनात घेतलं. फोटो आणलाय. सोळा फूट उंचीचे चार खांब. आतून काँक्रीट, वरून मी गिलावा करतो. लाकडी फर्मा खांबाभोवती फिरवत गिलावा खरवडायचा. फर्मा आमच्या खोलीतल्या अबूबकरनं कापून दिला. तो केरळचा सुतार आहे, हात सोन्याचा. खालून वर थोडा निमुळता, आणि कडा दोरीसारख्या सरळ. मी ओळंबा लावून प्रत्येक खांब आठ ठिकाणी तपासला. केसाचा फरक नाही.

पण मामा, लांबून बघितलं की खांब मधे चिमटलेले दिसतात. एखाद्यानं पोट आत ओढून उभं राहावं तसे. मुदीर बशीर, म्हणजे आमचा मॅनेजर, म्हणतो तुझा ओळंबा चुकलाय. मी त्याच्या हातात ओळंबा दिला, म्हणलं तूच लावून बघ. लावला, आणि परत म्हणाला की चिमटलेला आहे. आता पाडून परत करायचे. नक्की चुकलं काय ते मलाच कळेना.

दुसरं, खांबाच्या डोक्यावर पानं आहेत. फोटोत नीट दिसत नाहीत. ती कसली?

लवकर लिहा. माझी दोन वर्षं जानेवारीत भरतात. खांब झाले की तिकीट, असं अरबाब स्वतः बोललेत. नीता दीड वर्षाची होईल, आणि मी अजून तिचा फोटोच बघतोय. शिमग्याला घरी आहे असं धरून चाला.

जालिंदर

•

पिंपोडे, जि. सातारा
२ डिसेंबर १९८१

जावईबापू, तुम्हां सर्वांना इकडून आशीर्वाद. अबूबकर सुतारालासुद्धा.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तीस वर्षं नोकरी झाली, पण ग्रीक खांबाबद्दल प्रश्न विचारणारा एकही विद्यार्थी मला भेटला नव्हता. पोरं परीक्षेपुरती घागर काढतात आणि मोकळी होतात. तुम्ही विचारलंत, तेही समुद्रापलीकडून. मुख्याध्यापकांना पत्र वाचून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण मान हलवली.

आता ऐका. तुमचा ओळंबा चुकलेला नाही. डोळा चुकतो. माणसाचा डोळा सरळ कडेच्या खांबाला मधे चिमटलेला बघतो, हे ग्रीकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखलं. म्हणून ते खांबाला किंचित पोट काढत. किंचित म्हणजे किंचित, गणपतीसारखं नव्हे. खालून एक तृतीयांश उंचीवर फुगीरपणा सगळ्यात जास्त, आणि तिथून वर हळूहळू निमुळतं. सोळा फुटाला फार तर अर्धा इंच. अबूबकरला सांगा, फर्म्याची कड रंध्यानं तेवढी पोखर. अथेन्सच्या टेकडीवर त्यांचं मोठं देऊळ आहे, त्यात म्हणे सरळ रेघ शोधून सापडत नाही. जोतंसुद्धा मधे उचललेलं, आणि म्हणून सगळं सरळ दिसतं.

त्यांच्याकडून हे रोमन लोकांनी उचललं, रोमनांकडून सगळ्या युरोपनं, आणि इंग्रजांनी बोटीत घालून मुंबईला आणलं. पंचेचाळीस साली मी आर्ट स्कूलला असताना टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसून डोरिक खांबांची चित्रं काढायचो. तीन तऱ्हा असतात. डोरिक म्हणजे साधा, पैलवान गडी. आयोनिकच्या डोक्यावर दोन्हीकडं वळलेली वेटोळी. तुमचा आहे तो कोरिंथियन, पानांचा. सांगतात की कोरिंथ गावात एक मुलगी वारली, तिच्या दाईनं थडग्यावर टोपली ठेवली, खालून झाड उगवलं आणि पानं टोपलीभोवती चढली. एका शिल्प्यानं ते पाहिलं आणि खांबाच्या डोक्यावर बसवलं.

ते झाड मी जन्मात पाहिलेलं नाही. आपल्याकडं कुठं असेल तर मला ठाऊक नाही. पण पुस्तकातलं चित्र बघितलं की मला ओढ्याकाठचा पिवळा धोत्रा आठवतो. तसंच कातरलेलं, तसंच काटेरी, टोकाला वळलेलं. सत्यभामेला आणायला पाठवलं, बोट टोचून घेऊन आली. पान वहीत दाबून सोबत पाठवतोय. याच्यावरून साचा करा. ग्रीक माणूस काही बघायला येत नाही.

काम मात्र असं करा की माझं नाव राहील.

आबासाहेब

•

अल वक्रा
१८ एप्रिल १९८२

मामा,

शिमगा झाला, मी आलो नाही. सत्यभामेला मी काय लिहावं ते सुचेना म्हणून आधी तुम्हाला लिहितो.

खांब झाले. अर्धा इंच पोट काढलं आणि काय सांगू, खांबात जीव आला. लांबून असे ताठ दिसतात की मीच रस्त्यात उभा राहून बघत बसलो. पिवळ्या धोत्र्याचा साचा प्लास्टरमध्ये छान उतरला. शिरा, काटे, सगळं आलं. अरबाबनी हात फिरवून बघितला, मला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, असं पान दोह्यात कुणाकडं नाही. बशीरनं मला घड्याळ आणून दिलं.

आता त्यांच्या धाकट्या भावाच्या घराला आठ खांब करायचेत. अरबाब म्हणाले, तू थांब. मीही हो म्हणलं. चांगली माणसं आहेत, नाही म्हणवत नाही. चार महिन्यांचा प्रश्न आहे. गणपतीला नक्की. माझी काळजी करू नका. जेवणखाण ठीक आहे. समुद्र जवळ आहे, शुक्रवारी मासेमारीच्या होड्या येतात तेव्हा आम्ही जाऊन बसतो.

एक विचारायचं राहिलं. आठ खांबांचं काँक्रीट ओळीत उभं आहे. कोपऱ्यातले दोन मला बारीक वाटतात. मापात सगळे सारखे आहेत. हाही डोळ्याचाच खेळ का?

जालिंदर

•

पिंपोडे
६ मे १९८२

जावईबापू,

शाबास. कोपऱ्यातला खांब बारीक वाटतो हे ज्याला दिसलं, त्याला आता शिकवायचं फार राहिलं नाही. कोपऱ्याच्या खांबामागं मोकळं आभाळ असतं, उजेड त्याला खातो. म्हणून ग्रीक लोक कोपऱ्याचा खांब थोडा जाड करत आणि थोडा आत झुकवत. चाळिसावा हिस्सा जाड करून बघा. सांगा कसं दिसतं ते, आणि फोटो पाठवा. मी शाळेच्या फळ्यावर तुमचा खांब काढला आणि खाली तुमचं नाव, गावाचं नाव लिहिलं. दोन दिवस कुणाला पुसू दिला नाही.

थांबायचं ठरवलंत ते बरोबरच केलंत. हाताला असं काम आयुष्यात एकदा मिळतं. मी सगळी उमर कागदावर खांब काढले, तुम्ही उभे केलेत. सत्यभामा दोन दिवस बोलत नाहीये. मी तिला समजावलं की कलावंताच्या बायकोला एवढं सोसावं लागतं. तिची आई असती तर मला उलथनं दाखवलं असतं, पण ती बिचारी जाऊन सात वर्षं झाली.

आमच्या नंदूचं डोकंही आता गल्फकडं लागलंय. बाविशीचा झाला, पुण्याच्या वर्कशॉपमध्ये मन लागत नाही. दाजींना विचारा म्हणतो. सवडीनं बघा.

आबासाहेब

ता. क. बाबांचं पत्र पाकिटात घालायला माझ्याकडं आलंय म्हणून चार ओळी लिहिते. नीता आता घरभर पळते. दारात कुणी पँटवाला पुरुष आला की त्याला बाबा म्हणते. परवा वीजबिलवाल्याला म्हणाली. मला खरं सांगा, तुम्हाला यायचं आहे की नाही? — सत्यभामा

•

अल वक्रा
९ जानेवारी १९८४

मामा,

दीड वर्षात मी तुम्हाला पाच पत्रं लिहिली. सगळ्यांत खांबाचं लिहिलं, आणि प्रत्येकात यायची नवी तारीख. तुम्ही प्रत्येक वेळी शाबासकी दिलीत. आता खरं लिहितो. हे सत्यभामेला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मी थांबलेलो नाही. मला ठेवलंय.

विमानतळावर उतरलो त्या दिवशी बशीरनं पासपोर्ट घेतला. सगळ्यांचाच घेतात, ऑफिसच्या लोखंडी कपाटात असतो. हा देश सोडायला मालकाच्या सहीचा कागद लागतो. तो नसेल तर विमानात बसवत नाहीत, आणि पळून दुसरीकडं काम धरलं तर तुरुंग. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा अरबाब म्हणाले भावाचं घर होऊ दे. मग मेहुण्याचं. मग चुलत्याचं. पाच घरं झाली, बेचाळीस खांब झाले. दर वेळी खांद्यावर हात ठेवून सांगतात, खलास, हे शेवटचं, मग तू घरी, इन्शाल्ला. मला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, ईदला बिर्याणीचं ताट माझ्या खोलीवर येतं. त्यामुळं तक्रार कुणाकडं करायची तेही समजत नाही. दोह्याला आपल्या वकिलातीत गेलो होतो. तिथला साहेब म्हणाला, पगार मिळतो ना, मग मालकाला गोडीनं समजाव.

लपवलं का, तर लाज वाटली. तुम्ही फळ्यावर माझं नाव लिहिलं होतंत. सत्यभामा विचारते तुम्हाला यायचं आहे का, आणि मी तिला लिहितो काम मोठं आहे. ती समजते मला काम तिच्यापेक्षा मोठं आहे. तिच्या पत्रात आता फक्त रेशन आणि दुखणी असतात. शेवटच्या पत्रात नीताबद्दल एक ओळ नव्हती. मामा, मी ते पत्र उलटंपालटं करून बघितलं.

आणि एक मनात येतं ते लिहूनच टाकतो, राग मानू नका. तो अर्धा इंच तुम्ही सांगितला नसता तर खांब चिमटलेले राहिले असते, अरबाब चिडले असते, आणि मला दोन वर्षांपूर्वी हाकलून दिलं असतं. माझं कामच मला सोडत नाही असं झालंय. सकाळी फर्मा हातात धरला की अंगावर येतो. मला घरी यायचंय. दुसरं काही नको.

जालिंदर

•

पिंपोडे
१ फेब्रुवारी १९८४

जालिंदर,

आज तुला अहोजाहो करत नाही. सासरा लिहीत नाहीये, मास्तर लिहितोय.

गाढवा, दोन वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस. आणि मी महागाढव, दोन वर्षं बसून तुला धडे पाठवले. एकेक पत्र आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तू तारीख पुढं ढकलायचास आणि मी इकडं पोरीला सांगायचो की तुझा नवरा कलावंत आहे, रडू नकोस. काल तिला सगळं वाचून दाखवलं. ती रडली नाही. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही शिकवलंत ना, मग तुम्हीच सोडवा." आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला बसली. 

तर सोडवतो. तीस वर्षांत मी एकाही विद्यार्थ्याला जे सांगितलं नाही ते तुला सांगतो. काम बिघडव. अबूबकरनं कापलेला पहिला, सरळ कडेचा फर्मा अजून असेल तर तो काढ. नसेल तर नवा काप. पोट काढू नकोस. कोपऱ्याचे खांब जाड करू नकोस, उलट बारीक कर. पानं उलटी लाव, टोकं खाली. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हे कुणी झोपेत केलंय. अरबाबला राग येऊ दे, शिव्या घालू दे, हाकलून देऊ दे. हाकलून दिलं की कागदावर सही झालीच.

मला माहीत आहे तुझा हात वळणार नाही. माझासुद्धा हे लिहिताना वळत नाहीये. तरी कर. तुझ्या मास्तरचा हुकूम समज.

आबासाहेब

•

अल वक्रा
२० मे १९८४

मामा,

तुमचा हुकूम पाळला. अरबाबच्या मेहुण्यांच्या दुसऱ्या घराचे सहा खांब बिघडवले. चार दिवस हात ऐकत नव्हता. फर्मा सरळ असला तरी बोटं आपोआप गिलावा मधे जाड ठेवायची, मग मी खरवडून काढायचो. अबूबकर बघत होता. त्याला वाटलं मला ऊन लागलं. पानं उलटी लावली, कोपरे बारीक केले. परांची उतरवली त्या दिवशी मी लांब जाऊन उभा राहिलो. चिमटलेले, मरतुकडे खांब, वर लोंबती पानं. इतकं वाईट काम मी शिकाऊ असतानासुद्धा केलं नव्हतं. मला बरं वाटलं, की आता सुटलो.

अरबाब आले. दहाबारा पाहुणे बरोबर. गाडीतून उतरून त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं, आणि हसले. पाहुण्यांना म्हणाले, हे नवं डिझाइन आहे. मेहुण्यांनी माझं कपाळ चुंबलं. एका पाहुण्यानं तिथंच सांगून टाकलं की माझ्या घराला अशीच खाली पानं पाहिजेत.

कुणालाच दिसलं नाही मामा. मधलं पोट गेलं, कोपरे गेले, पान उलटं झालं, एकालाही दिसलं नाही. पहिल्या वेळी चिमटलेलं दिसलं होतं, कारण तेव्हा हातात लंडनचा फोटो होता. आता फोटो कुणाला हवाय. मी दोन वर्षं समजत होतो की माझं काम चांगलं आहे म्हणून मला सोडत नाहीत. तसं काही नाही. मी हाताशी आहे म्हणून सोडत नाहीत. हे कळल्यापासून मला रात्री झोप नाही, आणि दिवसा भूक नाही.

बशीरला मी सरळ विचारलं. तो आता जरा मऊ झालाय, त्याची पोरंही लांब आहेत. त्यानं दरवाजा लावून घेतला आणि म्हणाला, "एक आदमी दे, एक आदमी ले जा." बदली. माझ्या जागी माझ्याच गावचा, काम जाणणारा माणूस यायला तयार झाला तर अरबाब माझ्या कागदावर सही करतील. त्यांच्यात हीच रीत आहे. मी इथं आलो तेव्हा एक विजापूरचा गवंडी अचानक घरी गेला होता. तो मला बघून का हसला ते मला आता उमगलं.

नंदूचं गेल्या आठवड्यात पत्र आलं. दाजी, तुमच्या हाताखाली पानं ओतायलासुद्धा येईन, म्हणतो. मी त्याला हो म्हणून पत्र लिहिलं. तिकीट लावलं. चार दिवस उशाशी ठेवलं आणि मग फाडलं. मी ते लिहिलं होतं हे तुमच्यापासून लपवायचं नाही म्हणून सांगतो. त्याला येऊ देऊ नका. ठेवतील तोवर मी इथं राहीन, पण माझ्या जागी तुमचा मुलगा घालून मी तुमच्या दारात येऊ शकत नाही.

जालिंदर

•

अल वक्रा
९ डिसेंबर १९८४

जालिंदर,

पाकिटावरचं इकडचं तिकीट बघून नीतानं विचारलं असेल की बाबा तर घरी आले, मग तिकडून पत्र कुणाचं. तिला सांग, आजोबांचं.

तुझा माझ्यावरचा राग गेला नसेल. मी तुला न विचारता, सत्यभामेला न सांगता, बशीरला इंग्रजीत पत्र टाकलं आणि सोबत कोरिंथियन खांबाचं मोठं चित्र पाठवलं, छाया वगैरे देऊन. खाली लिहिलं की ज्यानं तुमच्या गवंड्याला शिकवलं तो मी, एकतीस मेला निवृत्त झालो, तब्येत ठणठणीत आहे. अरबाब चित्र बघून म्हणाले म्हणे, उस्तादचा उस्ताद, त्यालाच आणा. अठ्ठावन्न वय जास्त पडतं म्हणून बशीरनं कागदावर पन्नास केलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला आठ वर्षं मोफत दिली.

विमानतळावर आपली नीट भेटही झाली नाही. तू माझ्या पायाशी वाकलास आणि उठेचनास. बशीर घाई करत होता. त्यानं माझ्या हातातून माझा पासपोर्ट घेतला, खिशात घातला, आणि दुसऱ्या खिशातून तुझा काढून तुला दिला. तू मला काय म्हणत होतास ते विमानांच्या आवाजात ऐकू आलं नाही. परत लिहू नकोस. मला अंदाज आहे.

दुसऱ्या दिवशी अबूबकरनं मला सगळी घरं फिरवली. बेचाळीस खांब मी हात लावून बघितले. मी उगाच स्तुती करत नाही, हे तुझ्या वर्गातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसून मी जे बघितलं होतं, त्याच्या तोडीचं आहे. पिवळा धोत्रा तर असा उतरलाय की मी बोट टोचेल म्हणून जपून लावलं. आणि मग ते सहा खांब बघितले. बाबा रे, काय घाण केली आहेस. माझ्याच सांगण्यावरून केलीस म्हणून बोलता येत नव्हतं. अरबाबना मी तिथंच सांगितलं की हे सहा उतरवा, मी नीट करून देतो. त्यांना कळेना की यात वाईट काय आहे. तरी हो म्हणाले. अबूबकर म्हणतो, मास्तर, तुम्ही स्वतःच कुलूप लावून घेतलंत. घेतलं खरं. ते तसेच सोडून मला झोप लागली नसती.

परांचीवर चढताना गुडघे बोलतात. बाकी बरा आहे. पासपोर्ट तुझा होता त्याच कपाटात आहे, बशीरनं उघडून दाखवलं. मी किती वर्षांनी येईन ते विचारत जाऊ नका. अरबाबना अजून सहा पुतणे आहेत.

नंदूचं पत्र आलं होतं. बाबा, तुम्ही म्हातारपणी गेलात, मग मी का नको, मला बोलवा. मी लिहून टाकलं की खांबांची फॅशन गेली, आता सगळे काचा बसवतात, इथं काम उरलं नाही. तुला विचारील तेव्हा तूही हेच सांग. सत्यभामा लिहिते की ड्रॉइंगच्या परीक्षेची पोरं संध्याकाळी तुझ्याकडं यायला लागलीत, आणि तू पैसे घेत नाहीस. चांगलं करतोस. त्यांना घागर शिकव, आंब्याची डहाळी शिकव, नक्षी शिकव. चांगलं शिकव, माझ्यासारखा ओरडू नकोस.

खांब मात्र कुणाला शिकवू नकोस.

आबासाहेब